वऱ्हाडाच्या गाडीनं नगरदर्शन

आटपाट नगर कुठल्या दिशेला आहे ते आजवर कुणी दाखवलं नाही, म्हणून ही गोष्ट आपल्या ओळखीच्या नगराकडचीच. प्रवरेच्या काठी कोल्हार गाव. गावाबाहेर मळा, मळ्यात पत्र्याचं घर, आणि त्या घरात एक होता गोरक्षनाथ, एक होती त्याची रंगुबाई आणि एक होता त्यांचा मुलगा अमृत. अमृत पहाटे डेअरीला दूध घालायचा आणि उरलेला दिवस बापाला समजावण्यात घालवायचा.

समजावण्यासारखं बापात होतंही बरंच. गोरक्षनाथाला चिकट म्हटलेलं खपायचं नाही. "मी चिकट न्हाई, मी जपून हाय," असं तो म्हणायचा. आणि जपून इतका, की मुलानं हौसेनं मोबाईल घेऊन दिला तर तो बंद करून खिशात ठेवायचा. चालू ठेवला की चार्जिंग उतरतं, चार्जिंग लावलं की मीटर पळतं, आणि वर लोक फोन करतात तो ताप वेगळाच.

रंगुबाईचं माहेर पाथर्डीच्या बाजूला. लग्न होऊन कोल्हारात आली तेव्हापासून माहेरी जायचं म्हणजे आधी एस.टी.नं नगर, आणि नगरहून दुसरी एस.टी. पाथर्डीकडं. (पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण स्टँडवर ओरडणारे अजून नगर, नगर असंच ओरडतात.) नगर मागं पडलं की खिडकीतून एक डोंगर दिसायचा आणि डोंगराच्या डोक्यावर चांदबिबीचा महाल, आठ कोनांचा, एकटाच उभा. जाणती माणसं सांगतात, तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही, कुणा सलाबतखानाची कबर आहे ती. असेल. रंगुबाईच्या लेखी तो तिच्या माहेराचा दरवाजा होता. जाताना दिसला की आलं माहेर. येताना दिसला की संपलं माहेर, आणि ती पदराचं टोक डोळ्याला लावायची. शेजारी बसलेला गोरक्षनाथ खिडकी ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "धूळ लई हाय ना?"

तिला एकच हौस होती. एकदा त्या महालावर चढायचं आणि वरून आपलं गाव दिसतं का ते बघायचं. गोरक्षनाथ दरवेळी म्हणायचा, "जाऊ की." तीस वर्षं तो 'जाऊ की' म्हणत होता. तेवढ्यात रंगुबाईचे आई-बाप गेले, भाऊ पोटामागं पुण्याला गेला, घराला कुलूप लागलं. कुलपाला भेटायला कोण जातं? पाथर्डीकडची एस.टी. सुटली आणि तिच्याबरोबर महालही सुटला.

मग गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी भाकरी थापता थापता रंगुबाई म्हणाली, "आवं, गुडघे कुरकुरायला लागलेत. औंदा महालावर गेले तर गेले. पुढच्या साली मला काय ते चढायचं न्हाई."

ती रागावून बोलली असती तर गोरक्षनाथानं नेहमीसारखं ऐकून घेतलं असतं आणि गोठ्यात जाऊन बसला असता. पण ती रागावली नव्हती. भाकरी उलथताना 'मीठ संपलंय' म्हणावं तशी म्हणाली. त्यानं तो आतून हलला. त्या रात्री त्यानं ठरवलं, रंगूला नगर दाखवायचं. पण कमी खर्चात.

आणि कमी खर्च स्वतःच्या पायांनी चालत घरी आला. शेजारच्या मळ्यातला काकासाहेब हळदीकुंकू लावलेली पत्रिका घेऊन ओट्यावर बसला.

"गोरख्या, आपल्या भागवतचं लग्न. पोरगी नगरची, अश्विनी नाव. पाथर्डी रोडच्या मंगल कार्यालयात लग्न हाय. तुमाला चूलबंद आवतन. त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटता कामा न्हाई. मोठी गाडी केलीय, समद्यांनी बसायचं."

काकासाहेब गेला आणि गोरक्षनाथाच्या डोक्यात ट्यूब पेटली. गाडी फुकट. नाश्ता फुकट. जेवण फुकट. आणि कार्यालय पाथर्डी रोडला, म्हणजे महालाच्या वाटेवर!

"दादा, तुमी लग्नाला चाललाय का ट्रिपला?" अमृतनं विचारलं.

"दोन्हीला. सकाळी हळद, साखरपुडा, फोटो, आहेर, ह्यातच त्यांचा येळ जातोय. तेवढ्यात आमी नगर बघून पंगतीला माघारी. अक्षता टाकायला हजार माणसं असत्यात, दोघं नसलं तर कुणाला कळतंय?"

"त्यापरीस मी आईला मोटारसायकलीवर नेतो की."

"अन् पेट्रोल काय विहिरीतनं शेंदायचं?"

अमृतनं नाद सोडला. तसाही गायींपाशी कुणीतरी राहायलाच हवं होतं.

लग्नाच्या दिवशी पहाटे गाडी निघाली. नवरदेवाची आई, काकासाहेबाची बायको भागूबाई मात्र काळजीत होती. तिनं ऐकलं होतं, की हल्ली चोर नटूनथटून, फेटा बांधून पाहुणे म्हणून कार्यालयात येतात, बासुंदी पितात आणि जाताना दागिन्यांची पर्स उचलतात. आता, आपल्याकडच्या बाया सोनं कपाटात ठेवत नाहीत. कपाट चोराच्या सोयीसाठी असतं. सोनं असतं तुरीच्या डाळीत, पिठाच्या डब्यात. भागूबाईच्या सासूनं तर पुतळ्यांची माळ बाजरीच्या कणगीत ठेवली होती आणि ती पुढं दळणात सापडली. त्याच रीतीला धरून भागूबाईनं सुनेचं मंगळसूत्र लाल फडक्यात बांधलं, स्टीलच्या डब्याच्या तळाशी घातलं, वर शेंगदाण्याच्या लाडवांचे थर लावले आणि डबा किराण्याच्या कापडी पिशवीत टाकला. नवऱ्याला सांगितलं नाही. (पुरुषाच्या पोटात लाडू राहतो, गोष्ट राहत नाही, असं तिचं म्हणणं.)

पण पिशवी द्यायची कुणाकडं? गाडीत बाया पन्नास होत्या, विश्वासाची एक.

"रंगे, ह्यात करवल्यांसाठी लाडू हायत. मी मागंस्तोवर पिशवी हातातनं सोडू नगं. माझ्याबिगर कुणाला देऊ नगं. प्रत्यक्ष नवरदेव आला तरी!"

"बरं बया," रंगुबाई म्हणाली आणि पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळून बसली. रंगुबाईचं 'बरं' म्हणजे तहसीलदाराचा शिक्का. खोडायची सोय नाही.

कार्यालयात पोचल्यावर गोरक्षनाथानं पोहे दोनदा घेतले (दुसऱ्यांदा मुलीकडच्यांचा म्हणून), चहा घेतला आणि बायकोला खूण केली. "चल."

"अन् पिशवी?"

"गाडीत ठेव की."

"भागूबाईनं सांगितलंय सोडू नगं."

"मग तिला देऊन ये."

रंगुबाई गेली. तर भागूबाई आतल्या खोलीत, दाराला कडी, आणि दारापुढं बायांची ही गर्दी. आत तिला पैठणी नेसवत होते. दोनदा हाका मारल्या, तर आतून "थांबा गं, निऱ्या सुटत्यात!" एवढंच ऐकू आलं.

"राहू दे," गोरक्षनाथ म्हणाला. "लाडूच हायत ना? पंगतीच्या आत आपण माघारी."

असं ते मंगळसूत्र, ज्याच्यावाचून लग्न लागायचं नाही, ते किराण्याच्या पिशवीतून नगर बघायला निघालं.

गोरक्षनाथानं नगर दाखवलं, पण आपल्या पद्धतीनं दाखवलं. भुईकोट किल्ल्यापाशी नेलं आणि खंदकाच्या कडेनं अर्धी फेरी मारली.

"आत काय हाय वो?"

"आत बी असंच दगड."

"अन् ही फेरी पुरी न्हाई करायची?"

"राहिलेली अर्धी बी अशीच हाय."

रणगाड्यांच्या म्युझियमला नेलं. दारात तिकिटाची खिडकी दिसली तसा तो जागच्या जागी वळला. "रणगाडा म्हंजे काय, तोफ लावलेला ट्रॅक्टर. ट्रॅक्टर आपल्या वस्तीवर चार हायत."

रंगुबाई कौतुकानं बघत होती. किल्ल्याकडं नव्हे, नवऱ्याकडं. इतकं पायी हिंडून, इतका घाम गाळून माणूस आपल्याला काहीच न दाखवण्याची केवढी धडपड करतोय! पण शेवटी ती रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "बाकी समदं बाहेरून दाखवलं, चाललं. महाल बाहेरून दाखवू नगा. बाहेरून मी तीस वर्सं बघितला."

त्यावर गोरक्षनाथानं एका जीपला हात केला. भाडं एकटीचंच ठरवलं. रंगुबाई आत बसली आणि तो मागं फळीवर उभा राहून लटकला. "मी बसलोय कुठं?" असं त्यानं जीपवाल्याला उतरताना सुनावलं.

जीपनं डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. वर वळणावळणाची सडक. रिक्षानं जाता आलं असतं, पण पाय कशाला दिलेत देवानं? ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. रंगुबाईचे गुडघे कुरकुरत होते. तोंड मात्र हसत होतं. दर वळणाला महाल मोठा होत होता. एस.टी.तून काड्यापेटीएवढा दिसणारा, आता त्याच्या कमानीत बसलेली कबुतरं दिसायला लागली. शेवटचं वळण राहिलं, तसं गोरक्षनाथानंच कडुनिंबाखाली बैठक मारली. "दम खाऊ."

रंगुबाई बसली. पिशवी मांडीवर, बंद मनगटाला, डोळे वर महालाकडं. तिनं पिशवी सोडली नाही, हे लक्षात ठेवा. पण पिशवीच्या तोंडातून डबा काढता येतो, आणि भूक लागलेल्या नवऱ्याला तो आवाज न करताही काढता येतो.

त्यानं एकच लाडू खाल्ला. मग बघितलं तर वरच्या थराला खड्डा पडलेला. खड्डा भागूबाईला दिसणार. म्हणून थर सारखा करायला आणखी एक खाल्ला. तर आता दुसऱ्या बाजूला उंचवटा. तोही सारखा करायला हवा. (रान सपाट करणारा माणूस तो. एकदा लेव्हल हातात घेतली की सोडत नाही.) असं करता करता तो तळाच्या थराला लागला आणि बोटांना फडकं लागलं. काजू असतील, असं वाटून त्यानं गाठ सोडली. आत काळे मणी आणि दोन सोन्याच्या वाट्या.

गोरक्षनाथाच्या तोंडातला लाडू होता तिथंच थांबला.

"रंगू..."

"काय वो?"

"हे लाडवात निघालं."

रंगुबाईनं वळून बघितलं. आधी डबा बघितला. मग नवऱ्याच्या मिशीतलं दाण्याचं कूट बघितलं. मग त्याच्या हातातलं मंगळसूत्र.

"तुमी लाडू खाल्लं?"

"अगं, लाडवाचं काय घेऊन बसलीस!"

"सांभाळायला दिलं हुतं, खायाला न्हाई." एवढं बोलून झालं आणि मग तिच्या डोक्यात पुढचं सगळं लख्ख झालं. ती उठून उभी राहिली. "बया माझे! मुहूर्त झाला असंल! चला."

ती उतरणीकडं वळली. गोरक्षनाथ वर बघत होता. एक वळण. एक वळण चढलं की महाल. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "तू जा वर. बघून ये. मी ह्ये घेऊन पुढं पळतो."

"माझ्या हातात दिलंय. मीच देणार."

"मग धा मिंटं थांबतो, नुसतं तोंड दाखवून ये तिथं."

रंगुबाईनं एकदा महालाकडं बघितलं. मग मान हलवली. "खाली पोरगी हळदीच्या अंगानं वाट बघत बसली असंल, अन् मी हितं उभी राहून माझं माहेर हुडकू?"

आणि ती उतरायला लागली, भरभर, कुरकुरत्या गुडघ्यांनी. त्या गुडघ्यांचा आवाज गोरक्षनाथानं त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या कानानं ऐकला. मंगळसूत्र परत फडक्यात, फडकं डब्यात, डबा पिशवीत, आणि तो तिच्यामागं.

सडकेवर आल्यावर कोल्हारच्या इतिहासात कधी घडली नव्हती अशी गोष्ट घडली. गोरक्षनाथ रस्त्याच्या मधोमध उभा राहून "रिक्षा! ए रिक्षा! काय घ्यायचं ते घे!" असं ओरडायला लागला. आणि एकही रिक्षा आली नाही. (खर्च करायची बुद्धी देव देतो, रिक्षा देईलच असं नाही.) शेवटी कांद्याचा एक टेम्पो थांबला.

"क्याबिनमधी जागा न्हाई. वर बसा, गोण्यांवर."

वर बसले. वाऱ्यानं कांद्याची सालपटं उडायला लागली. डोळ्यांना धारा लागल्या, त्यातल्या कांद्याच्या किती आणि काळजीच्या किती, सांगता यायचं नाही. तेवढ्यात रंगुबाई म्हणाली, "फोन लावा की काकासाहेबाला!"

गोरक्षनाथानं मोबाईल चालू केला. चालू होताच तो पिसाळल्यासारखा टुणटुणायला लागला आणि लगेच वाजलाही.

"गोरख्या! अरं हायेस कुठं तू?" काकासाहेबाचा आवाज फाटला होता.

"आमी पार पाथर्डीच्या बाजूला हाय. तू काळजी करू नगं. मंगळसूत्र आमच्याच जवळ हाय, अन् आमी आता..."

फोन मेला. चार्जिंग केलंच नव्हतं, तर ते असणार कुठून?

"काय म्हनले?"

"काय न्हाई. बंद पडला."

"अन् तुमी काय म्हनलात?"

"हेच. मंगळसूत्र आमच्याजवळ हाय, आमी पार पाथर्डीच्या बाजूला हाय."

रंगुबाईनं कपाळावर हात मारला. "म्हंजे त्यांना वाटणार, सोनं घेऊन आपण माझ्या माहेराला पळालो!"

"असं कसं वाटंल? तुझ्या माहेराला तर कुलूप हाय."

"ते तुमाला म्हाईत! मुलीकडच्यांना काय म्हाईत!"

पुढची सगळी वाट गोरक्षनाथ मेलेल्या फोनचं बटण दाबत राहिला. कोल्हारात तीस वर्षं त्याला लोक चिकट म्हणाले, चेंगट म्हणाले, पण चोर कुणी म्हणालं नव्हतं. आणि रंगुबाईला तर कुणी काहीच म्हणालं नव्हतं. त्याच्या फुकटच्या ट्रिपपायी आज तिचं नाव जाणार होतं.

कार्यालय जवळ आलं तसा लाऊडस्पीकर ऐकू यायला लागला. मंगलाष्टकं संपली असतील, शिव्या सुरू असतील, अशी दोघांची तयारी होती. पण लाऊडस्पीकरवर वेगळंच चाललं होतं.

"यानंतर सत्कार, जनरेटर ज्यांनी अखंड चालू ठेवला..."

झालं होतं ते असं. आपल्याकडच्या लग्नात मुहूर्त पत्रिकेत असतो आणि सत्कार प्रत्यक्षात असतात. आजी-माजी, भावी, समस्त पुढाऱ्यांना टॉवेल-टोपी-नारळ होईपर्यंत नवरा-नवरी घामाघूम उभे. मंगळसूत्र नाही, पिशवी रंगूकडं आहे आणि रंगू नाही, हे भागूबाईनं रडत रडत काकासाहेबाच्या कानात सांगितलं, तेव्हा त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. निवेदकाला जाऊन एवढंच सांगितलं, "मी सांगंस्तोवर सत्कार थांबवू नगं."

पुढारी संपले. मग सोसायटीचे, डेअरीचे, पतसंस्थेचे झाले. मग दोन्हीकडचे व्याही, व्याह्यांचे व्याही. टोप्या संपल्या, तेव्हा पहिल्या रांगेतल्यांच्या डोक्यावरच्या काढून आणल्या. नारळ तर एकच होता, तो स्टेजवरून खाली आणि खालून स्टेजवर असा फिरत होता. आचारी झाला, वायरमन झाला, एक माणूस तर शेजारच्या कार्यालयातलं लग्न समजून चुकून आला होता, त्याचाही सत्कार झाला. मुलीकडचे म्हणायला लागले, वरपक्ष भलताच दिलदार आहे!

तेवढ्यात काकासाहेबाला दारात गोरक्षनाथ दिसला. डोक्यात कांद्याची सालपटं, डोळे लाल, मिशीत कूट. काकासाहेब निवेदकाच्या कानाला लागला आणि लाऊडस्पीकर गरजला, "आता सत्कार, नवरदेवाचे मळाशेजारी, आपल्या अत्यंत धावपळीच्या कार्यक्रमातून वेळ काढून या ठिकाणी उपस्थित राहिलेले, श्रीमान गोरक्षनाथ!"

टाळ्या पडल्या. गोरक्षनाथ स्टेजवर गेला. काकासाहेबानं त्याला मिठी मारली आणि कानात दात ओठ खात विचारलं, "कुठंय?"

"रंगूकडं."

"मग दे म्हनावं!"

"ती देत न्हाई. भागूबाईच्याच हातात देणार म्हनती."

"अन् भागी कुठंय?"

भागूबाई रंगूला शोधायला बाहेर गाडीकडं गेली होती. रंगुबाई भागूला शोधायला आत स्वयंपाकाकडं गेली होती. भागूबाई मागच्या दारानं आत आली, तोवर रंगुबाई पुढच्या दारानं बाहेर. नवरदेवाचा मामा पिशवीला हात घालायला गेला, तर रंगुबाईनं त्याच्या हातावर फटका मारला. "प्रत्यक्ष नवरदेव आला तरी द्यायची न्हाई, असं ठरलंय!" शेवटी हात धुवायच्या नळापाशी दोघी समोरासमोर आल्या. भागूबाईनं पिशवी घेतली, डबा उघडला, फडकं चाचपलं आणि तिथंच मटकन बसली. मग उठली, रंगुबाईच्या गळ्यात पडली, आणि मग परत डब्यात बघून म्हणाली, "पर रंगे, लाडू कुठं गेलं?"

रंगुबाईनं नुसतं स्टेजकडं बोट केलं. तिथं गोरक्षनाथ टोपी घालून फोटोला उभा होता.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, मंगळसूत्र अश्विनीच्या गळ्यात पडलं, आणि ज्यांना काही कळलं नव्हतं ते सगळे बासुंदीवर तुटून पडले. पंगतीत गोरक्षनाथाचा धीर परत आला. "मी लाडू खाल्लं म्हनून तर कळलं," तो शेजारच्याला सांगत होता. "न्हाईतर आमी सांच्यापत्तूर डोंगरावरच असतो."

भागूबाई वाढता वाढता थांबली. "डोंगरावर? काय गं रंगे, महालावर गेल्ता व्हय? बघितलास का?"

"न्हाई. एक वळण राहिलं हुतं." एवढंच बोलून रंगुबाईनं पुरीचा तुकडा मोडला.

भागूबाईनं तिच्या पानात आणखी एक पुरी वाढली. तिलाही माहेर होतं.

उन्हं कलली. नवरी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, गाडीत सासूशेजारी बसली. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि भागूबाई ड्रायव्हरला म्हणाली, "पाथर्डीकडं घे."

"मावशी, कोल्हार तिकडं न्हाई."

"मला म्हाईत हाय कोल्हार कुठं हाय. महालावर घे."

"अगं येडी का खुळी?" काकासाहेब मागून ओरडला. "घरी पोचायला उशीर हुईल! लोकं वाट बघत्याल!"

"सकाळपासनं त्या पोरीनं उभ्या उभ्या वाट बघितली, मेलं का कुणी? आज माझी अब्रू राखली रंगीनं. शेवटच्या वळणावरनं माघारी आली ती."

काकासाहेब काहीतरी बोलणार, तेवढ्यात नवरीनं रडून बसलेल्या आवाजात तोंड उघडलं. सासरच्या माणसांशी तिचा तो पहिलाच शब्द. "जाऊया की आत्याबाई. मी नगरची, पण मी बी कधी महालावर गेले न्हाई."

नव्या सुनेचा पहिला शब्द कोण मोडणार? गाडी वळली.

आणि मग तो डोंगर पन्नास बाया, फेटेवाले, करवल्या, नवरा-नवरी, सगळ्यांनी भरून गेला. भागूबाईनं एका बाजूनं आणि नवरीनं दुसऱ्या बाजूनं रंगुबाईचा हात धरला आणि तिला त्या मोठ्या कमानीखाली नेऊन उभी केली. वारा भणभणत होता. खाली रानं, वस्त्या, विहिरी, आणि पाथर्डीकडं गेलेली सडक, जिच्यावरून तिनं तीस वर्षं ये-जा केली होती. वरून ती सडक सुताच्या धाग्याएवढी दिसत होती.

गोरक्षनाथ तिच्या मागं येऊन उभा राहिला. "दिसतंय का?"

तिनं लई वेळ बघितलं. "न्हाई वो. धुकटलंय समदं."

"असं कसं? ते बघ," त्यानं बोट लांब केलं. "त्या दोन टेकाडांच्या मधी, पांढरं-पांढरं. तेच तुझं गाव."

ती कुणाची तरी कोंबड्यांची शेड होती. रंगुबाईला ते कळत होतं. तिचं गाव त्या दिशेला नव्हतंच, आणि असतं तरी मधल्या डोंगराआड होतं. पण ज्या माणसानं किल्ला अर्धाच दाखवला, तो आज तिला नसलेलं गाव पुरं दाखवत होता.

"व्हय," ती म्हणाली. "तेच."

पलीकडच्या कमानीतून अश्विनी नगराकडं बघत होती, आपल्या घरावरची पाण्याची टाकी हुडकत. रंगुबाई तिच्यापाशी गेली. "सापडली का?"

"ती काळी बहुतेक."

"मग बघून घे पोटभर. गाडीत बसल्यावर मागं बघू नगं, मान धरती." पोरगी रडता रडता हसली.

तर असं रंगुबाईचं मागणं पुरं झालं, आणि तिथून त्या घराचं नशीबच फिरलं म्हणा. हाताशी आलेला महाल सोडला पण पिशवी सोडली नाही, ही गोष्ट भागूबाईनं वस्त्यावस्त्यांवर सांगितली. आता पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, दागिन्यांचा डबा रंगुबाईच्याच मांडीवर. पहिलं आवतन तिला, गाडीत पुढची सीट तिला, आणि वऱ्हाड थांबेल तिथलं देऊळ, धरण, बाजार जे असेल ते आधी तिला दाखवतात. एका वर्षात बाई नाशिक बघून आली, पुणे बघून आली, संभाजीनगरची लेणी बघून आली, आणि सगळं आतून बघितलं.

गोरक्षनाथालाही नेतात. न नेऊन करतील काय? फक्त गाडीत त्याला दोन धट्ट्याकट्ट्या पोरांच्या मध्ये बसवतात, कार्यालयात तो नळावर गेला तरी एक जण मागं उभा असतो, आणि मंगळसूत्र गळ्यात पडेपर्यंत त्याच्या खांद्यावरचा हात काढत नाहीत. हा मान आहे, असं गोरक्षनाथाचं मत.

"बघितलंस का अमृत," परवा तो छाती फुगवून मुलाला म्हणाला, "आता ह्या गावात आपल्याबिगर लगीन लागत न्हाई."

अमृत दुधाची किटली घासत होता. मान वर न करता म्हणाला, "खरंय दादा. त्या दिवशी लागतच नव्हतं की."